मामांच्या ताटातला एक घास

मी जेवायला बसलो की आमच्या गावच्या तलावाचं पाणी दोन बोटं उतरतं, असं मोहाडीच्या बाजारात बोललं जातं. हे साफ खोटं आहे. एकच बोट उतरतं, आणि तेही भाजी तिखट असली तरच.

माझ्या जेवणाबद्दल लोकांनी बरंच वाढवून सांगितलं आहे आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मीच सांगितलेलं आहे. एका तेरवीला मी इतका भात खाल्ला की त्या घरच्यांनी पुढच्या पावसाळ्यात धानाची एक बांधी जास्त रोवली, ही गोष्ट माझी. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन येणारा वाढपी मला पाहून दुसऱ्या ओळीत वळतो, हीसुद्धा माझीच. पण सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट बुंदीची. भावाच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या काकाला मी बुंदीत कसं हरवलं, ही. चहाच्या टपरीवर सांगितली, बारशात सांगितली, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला तिकीट काढायच्या आधी सांगितली. दर खेपेला बुंदी वाढत गेली. सुरुवातीला तीन ताटं होती, मग बादली झाली, अलीकडे घमेलं झालं होतं.

त्या गोष्टीत तीनच माणसं असतात: मी, समोर नवरदेवाचा काका आणि मध्ये बुंदीवाला. माझ्या डाव्या हाताला त्या दिवशी जो माणूस बसला होता, त्याला मी त्या गोष्टीत कधीच बसू दिलं नाही. आज बसवतो.

त्यांना मी मामा म्हणायचो. नात्याचे नाहीत. ते ढीवर; माझ्या लहानपणी आमच्या तलावात जाळं टाकायचे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे उचलून पाण्यात फेकलं आणि काठावर बिडी पेटवून बसले. मी चार वेळा बुडालो, पाचव्या वेळी तलावच कंटाळला. पुढे ते लाखांदूरकडे, मामीच्या माहेरच्या गावी राहायला गेले. तिथला तलाव मोठा, मासाही मोठा.

मामांचं जेवण पाहण्यासारखं असे. आवाज नाही, मचमच नाही, बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर वरण चढत नसे. जोरात खाल्लं तर ताटातला मासा पळून जाईल अशा बेतानं ते जेवत. माझे वडील मला त्यांच्याशेजारी बसवायचे. "जेवाले शिकाचं असंन तं याच्याजवळ बस," म्हणायचे. वडिलांचे नियम मोजके होते. मागून घ्यावं, पण पुन्हा मागू नये. दोन घासांची भूक ठेवून उठावं. आणि पंगतीत शेवटच्या माणसाचा हात ताटातून निघेपर्यंत कोणी उठू नये. एक उठला की साऱ्यांचं जेवण मोडतं. नियम मला तोंडपाठ होते. पोटाला मात्र कोणी शिकवले नव्हते.

भावाच्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता द्यायला मी स्वतः मामांकडे गेलो. मामी दारातच बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "कोन हाये?"

"मी हाये ना, मामी."

"बापू का? आवाजावरून अजून जाडा झाला वाटते."

मामा आतून आले. अक्षता कपाळाला लावल्या, पण चेहरा अडचणीत. "येनं जमत नाही वाटते, बापू. लग्नाच्या आदल्या दिवशी हिच्या डोळ्याचं आपरेशन हाये, भंडाऱ्याले. लग्नाच्या दिवशी चार वाजता पट्टी सुटते."

"पोरगी राहीन ना जवळ?"

"पोरगी हाये. पन हिनं सांगून ठेवलं हाये."

मामी आपणहून बोलल्या. "चार वर्सं झाले. याचं तोंड मले नुसतं धुकं दिसते. पट्टी सुटली का पयले यालेच पाहीन म्हनलं. बाकीचं जग मंग पाहू, ते कोठी पळून जाते?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसवणारं अजून कोणी जन्मलेलं नाही. मी हिशोब मांडला. लग्न अकराचं, पंगत पाऊण वाजता, दोनची एसटी फाट्यावर, तीनला भंडारा. "पट्टी सुटाच्या आंदी तुमी दवाखान्यात एक झोप काढसान मामा. आन तुमी नाही आले तं पंगत बसत नाही, पायजे तं नवरदेव उपाशी राहिला तरी चालते."

"आन गाडी चुकली तं?" मामींनी विचारलं.

"तं माही फटफटी हाये ना. मी सोतः सोडून देतो. अर्ध्या घंट्यात."

"पक्का?"

"पक्का, मामी."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं बराच वेळ पाहिलं. न दिसणाऱ्या डोळ्यांनी माणूस असं पाहतो तेव्हा खिशात काही लपवलं नसलं तरी हात खिशाकडे जातो.

लग्नाच्या दिवशी मामा सकाळीच आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, हातात दवाखान्यात न्यायची कापडी पिशवी. दुसऱ्या मांडवात बफे होता, तिथे अर्धं गाव उभ्या उभ्या जेवत होतं. पण भावानं हट्टानं घरासमोर एक मानाची पंगत ठेवली होती. वडीलधारे आणि नवरदेवाकडची मंडळी. सतरंज्या, समोरासमोर दोन ओळी. मामा माझ्या डावीकडे बसले, पिशवी मांडीजवळ. मामांना मी मुद्दाम म्हटलं, "बफेत घ्या ना मामा, लवकर होईन." ते म्हणाले, "तुह्या भावानं हात धरून बसवलं. मानाच्या पंगतीतून उठून कसं जाव?"

समोर नवरदेवाचा काका बसला. नाकाडोंगरीचा. माणूस असा की तो बसला तेव्हा सतरंजी आमच्या बाजूनं दोन वीत वर उचलली गेली. वाढप झालं. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, कढी, सुवारी म्हणजे आमच्याकडची पुरी, आणि बुंदी. काकानं पहिला घास घ्यायच्या आधीच सुरुवात केली.

"आयकलं का जी, या गावात कोनी एक जेवनारा हाये म्हंते."

"हाये जी," मी म्हटलं. "पन पाहुन्याच्या पुढं पुढं नाही करत तो."

"मंग मांगं मांगं तरी येते का पाहू."

झालं. दोन्ही ओळी हसल्या. आता हा बुंदीचा प्रश्न राहिला नव्हता, आमच्या गावाच्या इज्जतीचा झाला होता. निदान मी तसं ठरवलं. काकानं बुंदी घेतली, मी घेतली. त्यानं पुन्हा घेतली, मी पुन्हा घेतली. बुंदीवाल्याचा हात दुखायला लागला तेव्हा दुसरा बुंदीवाला आला. खुद्द स्वयंपाकी झारा घेऊन पाहायला आला. पलीकडच्या मांडवातले लोक ताटं हातात धरून आमच्याभोवती उभे राहिले.

मामांनी भात, वरण, एक सुवारी आणि चमचाभर बुंदी खाल्ली होती. त्यांचा हात ताटात हळूहळू चालू होता.

ओसरीवरचं घड्याळ बरोबर माझ्यासमोर होतं.

दीडच्या सुमारास काकानं दोन्ही हात जोडले. "बस जी. देला तुमाले पयला नंबर." टाळ्या पडल्या. सभ्य माणूस असता तर इथे हात धुवायला उठला असता. पण टाळ्यांनी माझी भूक पुन्हा चाळवली. मी बुंदीवाल्याला म्हटलं, "थांब, आता जेवाले सुरुवात करतो." लोक असे हसले की मांडवाचा एक खांब हलला. मग मी पुन्हा बुंदी घेतली, वर कढी-भात घेतला, भाजी कमी पडली म्हणून भाजी मागितली, भाजी उरली म्हणून भात मागितला. फाट्याकडून एसटीचा हॉर्न आला. आमच्या फाट्याचा ड्रायव्हर दोनदा वाजवतो. दोन्ही वेळा मला नीट ऐकू आला.

मामा उठले नाहीत. पंगत उठली तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. मामांनी हात धुतले, पिशवी घेतली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काही फिकर नोका करू, मामा. गाडी गेली तं जाऊ द्या. मी सोडतो ना. पाच मिन्टं टेकतो फक्त."

मांडवामागे खाट होती. टेकलो. फटफटीची चावी माझ्या खिशात होती.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते आणि वरात निघत होती. बायको खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, पोरगी सासरी जाते म्हणून रडते आहे.

"मामा कोठी हायेत?" मी विचारलं.

"गेले. पायी. फाट्यावर."

"मले उठवलं काहून नाही?"

"मी उठवाले आलती. त्याहीनंच हात धरला माहा. म्हने, जेवून निजलेल्या मानसाले उठवू नये, बाई. तुमच्या खाटेजवळ पंधरा मिन्टं उभे होते. मंग फाट्यावर जाऊन बसले. साडेतीनची गाडी भेटली असंन त्याहीले."

"दुसऱ्या कोनाची गाडी मांगाची ना. लग्नघरात वीस गाड्या होत्या."

"हो ना," बायको म्हणाली. "वीस गाड्या होत्या. पन सोडतो म्हननारे एकच होते."

साडेतीनची गाडी म्हणजे भंडाऱ्याला साडेचार, तिथून पायी दवाखान्यात पाच. मला गणित येतं, ते मी मामींसमोरच करून दाखवलं होतं.

यानंतर मी दोन वर्षं काय केलं? बुंदीची गोष्ट सांगितली. जितकं मनात खुपे तितकी बुंदी वाढवत गेलो. मामांना फोन केला नाही. लाखांदूरकडे एकदा काम होतं, ते दुसऱ्याला सांगितलं. आणि मनातल्या मनात एक बचाव तयार करून ठेवला: मामांचा हात ताटात चालू होता. त्यांचंच जेवण झालं नव्हतं. मी काय करणार? हा बचाव मी इतक्या वेळा घासला की चकचकीत झाला.

मागच्या हिवाळ्यात मामांचाच फोन आला. "बापू, तलावाचं पानी उतरलं. मरळ चांगली भेटून राहिली. येत नाही का?" आवाजात काही नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं, रागावर उपाय असतो. त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला साखर निघाल्याचं सांगितलं होतं आणि बायको दोन पोळ्या मोजून वाढत होती. मी एसटीनं गेलो. वाटेत शेजारच्या माणसाला कोणतीच गोष्ट सांगितली नाही. कंडक्टरनं तब्येत बरी आहे ना विचारलं.

मामी अंगणात शिंगाडे सोलत होत्या. मान वर केली आणि थेट माझ्या पोटाकडे पाहिलं. "आवाजावरून वाटलं होतं त्याहूनही जाडा हायेस तू."

घरात मरळीचं कालवण शिजत होतं, चिन्नोरचा भात. मामा आणि मी बसलो. मामी म्हणाल्या, "मीबी बसतो तुमच्यासंगं. आता काटा दिसते मले." मला त्यांनी भात वाढला, वर दोन तुकडे आणि सगळा रस्सा. "घे. लाजू नको. तुही तं मोठी कीर्ती हाये म्हंते. घमेलंभर बुंदी."

गोष्ट माझ्या आधी लाखांदूरला पोहोचली होती. मी मान खाली घालून घास घेतला.

"त्याच दिवशी तं माही पट्टी सुटली," मामी मजेत सांगायला लागल्या. "पोरीनं याच्यासाठी खुर्ची ठेवली होती, माह्या समोर. नर्सबाईनं पट्टी काढली. मी डोळा उघडला आन पाहतो तं काय, लाल खुर्ची. पिलास्टिकची. अशी लाल का मी म्हनलं, अगा माय, चार वर्सांत म्हातारा किती साजरा दिसाले लागला." त्या स्वतःच हसल्या, मामाही हसले. "मंग पाच वाजता आला हा. घामानं चिंब. म्हने, बापूची गाडी पंचर झाली."

मी मामांकडे पाहिलं. ते काटा काढण्यात गुंतले होते.

मामांनी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं. आयुष्यभर खोटं बोलणारा मी, आणि माझ्या वाट्याचं एवढं एक खोटं त्या माणसाला बोलावं लागलं, ज्याला ते बोलायची सवय नव्हती. दोन वर्षं तो ते सांभाळत होता. ते तसंच राहू दिलं असतं तर मामी हसत राहिल्या असत्या, मला तिसरा तुकडा मिळाला असता आणि मी एसटीनं परत आलो असतो.

"गाडी पंचर नव्हती झाली, मामी," मी म्हटलं.

मामा म्हणाले, "जेव बापू, थंडं होते."

"मी झोपलो होतो. चावी खिशात ठेवून. त्याच्या आंदी दोनची एसटीबी माह्यापाईच गेली. मी जेवतच राहिलो. मामा पंगतीत बसून राहिले."

"अरे, माहंच जेवन चालू होतं," मामा घाईघाईनं बोलले. "माहा हात ताटातच होता ना."

माझा घासून चकचकीत केलेला बचाव मामांनी आपल्या हातानं माझ्यापुढे ठेवला. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"एकच घास होता, मामा," मी म्हटलं. "भाताचा, लिंबाएवढा. तुमी तोच इकडून तिकडे सारून राहिले होते. मले दिसला होता. मी घड्याळबी पाहत होतो. एसटीचा भोंगाबी आयकला."

हे मी स्वतःलाही त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. शेजारचा जेवत राहिला तर त्याला आपण शेवटचे आहोत असं वाटू नये, त्याला ओशाळं होऊ नये, म्हणून ताटात एक घास राखून हात चालता ठेवायचा, ही मामांची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. मी हळू जेवणारं पोर असताना त्यांनी माझ्यासाठीही तो घास राखला होता. तो घास काय सांगतो हे त्या अख्ख्या पंगतीत मला एकट्यालाच वाचता येत होतं. वाचला, आणि भाजी मागितली.

मामींनी हातातला काटा ताटाच्या काठावर ठेवला. मग त्यांनी मामांकडे पाहिलं. "पंचर म्हनत होते ना जी तुमी."

"मंग काय म्हनू? पोरगा जेवून निजला म्हनू?"

"हो. तसंच म्हनाचं." त्यांनी पळी उचलली. मला वाटलं, आता हे मिटलं, आता तिसरा तुकडा येतो. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा नको म्हणायला लावल्याशिवाय सोडत नाहीत. भांडण झालं तरी सोडत नाहीत. मामींनी पळी कालवणाच्या गंजात ठेवली, गंजावर झाकण घातलं आणि गंज आपल्या पाठीमागे सरकवला.

"बस झालं तुले," त्या म्हणाल्या.

एवढंच. आवाज चढला नाही. उभ्या आयुष्यात मला जेवताना बस म्हणणारं पहिलं माणूस. डॉक्टर म्हणाले होते, बायको म्हणाली होती, पण त्यांनी माझ्या भल्यासाठी म्हटलं होतं. मामींनी माझ्या भल्यासाठी म्हटलं नाही. पंगतीत बुंदीवाला माझ्यासमोरून न थांबता निघून गेला असता तर जसं वाटलं असतं, त्याच्या शंभर पटीनं वाटलं. इथे मी आकडा वाढवलेला नाही.

मामी जेवत होत्या. सावकाश. एकेक तुकडा उजेडाकडे धरून, काटा बघून, काढून, ताटाच्या काठावर ओळीनं लावून. चार वर्षं चाचपडत खाल्लेलं आता बघून खात होत्या. त्यांचं अर्धंही झालं नव्हतं. मामांचं ताट संपत आलं होतं. माझं तर कधीच संपलं होतं, ताटात थोडा भात तेवढा राहिला होता. बाहेर रस्त्यावर लाखांदूरला जाणारी गाडी वळण घेत असल्याचा आवाज आला. मला तीच धरायची होती.

मी तो भात बोटांनी गोळा केला. लिंबाएवढा. या काठावरून त्या काठावर नेला, मोडला, पुन्हा बांधला, परत आणला. अवघड काम आहे. खाण्याहून पुष्कळ अवघड. समोर ठेवलेला घास हातात घ्यायचा आणि तोंडाकडे न्यायचा नाही, हे माझ्या हाताला कळेचना. दोनदा तो आपोआप वर निघाला. मी परत खाली आणला. गाडी निघून गेली. मामांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या ताटाकडे पाहिलं आणि आपलाही एक घास राखून ठेवला.

मामींनी शेवटचा काटा ओळीत लावला, बोटं चाटली नाहीत, पाण्याचा तांब्या घेतला. मग आमच्या दोघांच्या ताटांकडे पाहिलं. आधी मामांच्या, मग माझ्या.

"कवापासून एकच घास फिरवून राहिला, बापू," त्या म्हणाल्या. "दिसते मले. खाऊन टाक आता."